पाव इंच माया

आमच्या वन्सं सहा वर्षांत घराबाहेर एकदाही झोपल्या नव्हत्या. दुपारी बँकेत नंबर येईपर्यंत खुर्चीत डुलकी काढायच्या, पण ती झोपेत धरायची नाही. रात्रीची झोप फक्त मागच्या खोलीतल्या पलंगावर, भिंतीतल्या प्लगपासून दीड हातावर. झोपेत त्यांचा श्वास अडकतो. त्यासाठी नाकावर मास्क लावून एक मशीन रात्रभर चालवावं लागतं, आणि मशीनला वीज लागते. दोनदा बाहेरगावी जायचं ठरलं, दोन्ही वेळा ऐनवेळी त्यांनीच पाऊल मागे घेतलं.

"मी म्हणजे टेबलफॅन आहे गं," त्या म्हणायच्या. "वायर पुरेल तेवढंच फिरायचं."

वन्सं माझ्या नवऱ्याची थोरली बहीण. पस्तीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होत्या. कानाला हेडफोन, समोर भोकांची पाटी, आणि दिवसभर परक्यांचे आवाज एकमेकांना जोडून द्यायचे. पस्तीस वर्षांत एकही राँग नंबर दिला नाही, हे त्या दिवसातून एकदा तरी सांगतात. मी ऐकते. शिलाई मशीन चालू असलं की काहीही ऐकता येतं.

पण एक गोष्ट त्यांनी मला एकदाच सांगितली होती. डोंगरावरच्या तळ्याकाठी वनखात्याची एक चौकी होती. महिन्यातून एकदा तिथला गार्ड फोन करायचा. बाकी कुठलाही फोन जोडला की बोलणाऱ्याच्या मागे पंखा, भांडी, पोरांची रडारड, काहीतरी असायचंच. या माणसाच्या मागे काहीच नसायचं. "काहीच नाही म्हणजे नाही, शिंपीणबाई. मी त्याची लाइन जरा उशिराच सोडायचे. ते काहीच नसलेलं ऐकायला."

चौकी आता बंद आहे. तळ्याकाठी मुक्काम करू देतात, पण तिथे खांब नाही, तार नाही, नळ नाही. वन्सं एकसष्ट वर्षांच्या झाल्या त्या सकाळी मी चहा देताना सहज विचारलं, काय हवं? त्या म्हणाल्या, "ते काहीच नसलेलं एकदा जाग्यावर जाऊन ऐकायचंय." आणि लगेच, "जाऊ दे. साखर कमी पडलीय."

मी मनात गाठ मारली.

कारमागे ओढायचे छोटे ट्रेलर असतात, आत झोपायला जागा, छतावर सोलर पॅनल, खाली बॅटरी, हे मला माहीत होतं. अशा एका ट्रेलरचे पडदे मीच शिवून दिले होते. आमचे हे ड्रायव्हिंग स्कूलमध्ये शिकवतात. त्यांना सांगितलं तर त्यांनी आधी कारचे कागद काढले.

"आपली गाडी साडेसातशे किलो ओढते."

"मग सातशेचा बघू."

"कागदावर साडेसातशे म्हणजे मी पाचशेच ओढणार. चढ आहे, ब्रेक आहेत, ताईचं सामान आहे."

"माझं सामान?" वन्सं आतून म्हणाल्या. त्यांचे कान अजून ड्यूटीवर आहेत. "बायकोच्या तीन पिशव्या दिसत नाहीत का तुला?"

शिवणीच्या आत जास्तीचं कापड ठेवतो, त्याला आम्ही शिंपी माया म्हणतो. माणूस उद्या जाड झाला तर उसवून सोडायला. ह्यांनी वजनात अडीचशे किलो माया ठेवली होती. स्वतः ड्रायव्हिंग शिकवणारा माणूस शेजारच्या सीटवर बसूनही पायाने ब्रेक दाबत असतो, त्याच्याशी वाद घालण्यात अर्थ नाही.

वन्संनी नको नको म्हणत तीन रात्री मशीनचा अभ्यास केला. वीज मोजायचं एक छोटं मीटर प्लगला लावलं. कळलं ते असं: मशीन फार वीज खात नाही, खातो तो हवा ओलसर ठेवणारा त्याच्यातला हीटर. हीटर बंद ठेवला तर एका चांगल्या बॅटरीवर तीन रात्री निघतात, ऊन पडलं नाही तरी. चौथ्या दिवशी ऊन पडेलच, एवढा विश्वास ठेवायला हरकत नव्हती. "घसा कोरडा पडेल," मी म्हटलं. "पडू दे," वन्सं म्हणाल्या. "पस्तीस वर्षं पडलाच होता."

त्या नको म्हणायच्या थांबल्या आहेत हे मला तेव्हा कळलं.

एकच अडचण निघाली. आमच्या रस्त्यावर ट्रेलर उभा ठेवायला बंदी. तो मागच्या अंगणात यायला हवा, आणि अंगणात यायचं तर आमची भिंत आणि शेजाऱ्यांची भिंत यांच्या मधल्या बोळातून. ह्यांनी स्टीलची टेप घेऊन बोळ तीन जागी मोजला. सगळ्यात अरुंद जागा चौऱ्याहत्तर इंच. भिंती काही सरकणाऱ्या नव्हत्या. शेजारीही.

ट्रेलरवाल्याकडे शनिवारी आम्ही दोघीच गेलो, ह्यांचा क्लास होता. त्याने आधी अंगणातला सगळ्यात मोठा ट्रेलर उघडला. आत स्वयंपाकघर, न्हाणीघर, भिंतीवर टीव्ही.

"टीव्ही बघायला डोंगरावर कशाला जायचं?" वन्संनी विचारलं.

"मावशी, लोकांना कंटाळा येतो."

"लोकांना येऊ दे. वजन?"

"चौदाशे."

"बंद कर दार. माझा भाऊ बेशुद्ध पडेल."

दुसरा हलका होता, पण आत झोपलं की उठून बसता येईना. मास्क लावायला बसावं लागतं. तिसरा कोपऱ्यात ताडपत्रीखाली होता. वापरलेला, चारशे वीस किलोचा. दिवसा समोरासमोर दोन बाकं आणि मध्ये टेबल. टेबल खाली केलं की पलंग. छत वर उचललं की चारी बाजूंना कॅनव्हास ताणला जायचा आणि उभं राहता यायचं. मागची फळी उघडली की शेगडी ठेवायला ओटा. छतावर पॅनल, बाकाखाली बॅटरी, आणि उशाशी, बरोब्बर उशाशी, मशीनची पिन बसेल असं सॉकेट.

वन्सं त्या सॉकेटपाशी बसून राहिल्या. बोटाने त्याचं भोक चाचपलं.

मी कॅनव्हासची शिवण तपासायला आत वळले. दुहेरी शिवण, चांगली माया, धागा मेणाचा. शिवणाऱ्याने मन लावून शिवलं होतं. बाहेर वन्संनी रुंदी विचारली. कागदावर लिहिलेली रुंदी फक्त डब्याची होती; चाकांवरची मडगार्ड बाहेर आलेली, ती त्यात धरलीच नव्हती. माझ्या गळ्यात पडदे मोजायची लांब टेप दोन वेढे घालून असतेच, लग्नाला गेले तरी असते. मी ती खिडकीतून बाहेर दिली. वन्संनी आणि ट्रेलरवाल्याने दोन टोकं धरली.

"साडेचौऱ्याहत्तर!" वन्संचा एक्स्चेंजमधला आवाज आला. स्पष्ट, एकेक अक्षर सुटं.

मी आतच उभी राहिले. अर्धा इंच.

परत येताना बसमध्ये वन्संनी खिडकीबाहेर बघत म्हटलं, "बरं झालं. नाहीतरी माझं मशीन घेऊन कोण हिंडणार होतं?" घरी आल्यावर त्यांनी तळ्याचा नकाशा घडी घालून खणात ठेवला, वर विजेची बिलं ठेवली. आणि सोमवारपासून त्यांना मला मदत करायचा झटका आला. दुःख झालं की वन्सं मदत करतात. आजूबाजूच्यांनी जपून राहावं.

दाताच्या डॉक्टरांकडे पेशंट बसतात त्या बाकाच्या गादीला नवं कव्हर हवं होतं. माझ्याकडे काम साचलेलं, म्हणून वन्सं माझी टेप घेऊन माप आणायला गेल्या. त्यांच्या आकड्यांवर मी कव्हर बेतलं, शिवलं, पाठवलं. संध्याकाळी डॉक्टरांचा फोन.

"बाई, कव्हर सुंदर आहे. पण आत अजून एक पेशंट मावेल."

मी गेले, पाहिलं. लांबीला एक इंच ढगळ, रुंदीला एक इंच, उंचीलाही. तिन्हीकडे बरोब्बर एक. चूक असती तर वेडीवाकडी असती. ही चूक फार शिस्तीची होती.

मी तिथेच, दाढ धरून बसलेल्या तीन माणसांसमोर, गळ्यातल्या टेपचं टोक हातात धरून बघितलं.

बारा वर्षांपूर्वी माझ्या टेपचं पुढचं टोक झिजून सुटलं होतं. नवी टेप आणण्याऐवजी मी पहिला इंच कात्रीने कापून टाकला. तेव्हापासून माझी टेप एकपासून सुरू होते, आणि येईल त्या आकड्यातून मी एक वजा करते. इतकी सवय झालीय की वजा करतेय हेही कळत नाही. पण माझी ती वजाबाकी डोळ्यांत आहे, कानांत नाही. आकडा मी स्वतः वाचला तरच होते. वन्संनी बाहेरून ओरडून सांगितला, तो जसाच्या तसा आत गेला.

घरी धापा टाकत पोचले तेव्हा वन्सं बटणांचा डबा रंगाप्रमाणे लावत होत्या.

"वन्सं, तुम्ही टेप कुठून धरता?"

"कुठून म्हणजे? टोकापासून. तू काय पोटापासून धरतेस?"

"ट्रेलरवाल्याकडेही टोकापासूनच?"

"अगं, टोकच ते!"

मी टेप त्यांच्या मांडीवर टाकली. त्यांनी चष्मा लावला, टोक बघितलं, नखाने चाचपलं. तिथे एक होता. शून्य नव्हतंच.

"वन्सं," मी म्हटलं, "तुम्ही राँग नंबर दिलात."

त्यांचा चेहरा आधी लालबुंद झाला. पस्तीस वर्षांची इज्जत होती ती. मग त्यांनी ओठ हलवले, मनातल्या मनात एक वजा केला, आणि बटणांचा डबा मांडीवरून खाली गेला.

"साडेत्र्याहत्तर," त्या म्हणाल्या.

"साडेत्र्याहत्तर. दोन्ही बाजूंना पाव पाव इंच."

"पाव इंच पुरतं?"

"माया आहे ना. पुरवायची असते."

त्यांनी फोन उचलला. ट्रेलरवाला म्हणाला, दुसरं गिऱ्हाईक उद्या सकाळी येतंय. वन्संनी आवाज बदलला. तो आवाज ऐकून कधीकाळी मंत्रीही थांबले असतील. "होल्ड करा," त्या म्हणाल्या. "आम्ही आज येतोय. तोवर ताडपत्री काढू नका." मग माझ्याकडे वळून, "आणि तुझी ती मेली टेप घरी ठेव."

ह्यांनी स्टीलची टेप लावून तिथे दोनदा मोजलं. साडेत्र्याहत्तर. तिसऱ्यांदा मोजायला लागले तेव्हा वन्संनी टेप हिसकावून घेतली.

बोळात ट्रेलर कारने नेणं शक्यच नव्हतं. तो सोडवून आम्ही हातांनी ढकलला. चारशे वीस किलो म्हणजे काय ते तेव्हा समजलं: तीन म्हातारी होत चाललेली माणसं, दोन शेजारी, आणि थांबत थांबत पंचवीस मिनिटं. मोठा घेतला असता तर रस्त्यातच गाडून वर फुलझाडं लावावी लागली असती. भिंतींना ओरखडा पडू नये म्हणून मी दोन्ही मडगार्डांवर जुन्या रेशमी अस्तराचे तुकडे बांधले होते. वन्सं पुढे उभ्या राहून, उलट्या पावलांनी चालत सूचना देत होत्या. "डावीकडे केसभर. केसभर म्हटलं, वेणीभर नाही! थांबा. जोडतेय. या." अरुंद जागी अस्तर दोन्ही भिंतींना घासलं, सुर्र असा आवाज झाला, आणि ट्रेलर अंगणात उतरला.

पहिल्या चार रात्री वन्सं अंगणातच त्यात झोपल्या. घरातल्या प्लगला काही जोडायचं नाही, हीटर बंद, आणि बॅटरीचा आकडा रोज सकाळी कागदावर. चौथ्या सकाळी त्या मास्कचे वळ गालावर घेऊन स्वयंपाकघरात आल्या. खणातला नकाशा काढून टेबलावर पसरला, वरची विजेची बिलं माझ्या हातात दिली.

"ही भरून टाक," त्या म्हणाल्या. "आपण जातोय."

तळ्याकाठी आम्ही दुपारी पोचलो. जागा अगदीच साधी. गवत, पाणी, पडक्या चौकीच्या दोन भिंती, आणि टेलिफोनचा एक गंजका खांब, तार नसलेला. वन्सं त्या खांबाला हात लावून आल्या. आम्ही दोघी ट्रेलरमध्ये, ह्यांनी शेजारी तंबू ठोकला.

सकाळी जाग आली तेव्हा पलंगाची वन्संची बाजू रिकामी होती. मी दचकून उशाशी पाहिलं: मास्क नीट घडी करून ठेवलेला, मशीन बंद केलेलं. त्या बाहेर पायरीवर बसल्या होत्या, शाल लपेटून.

"झोप?" मी विचारलं.

"सहा तास. मध्ये एकदा उठले, नुसतं बघायला, की खरंच प्लग नाहीये."

"आणि ते? काहीच नसलेलं?"

वन्संनी तंबूकडे बोट केलं. आतून आमच्या ह्यांचं घोरणं येत होतं. ट्रक चढाला लागावा तसं, गिअर बदलत.

"त्या गार्डला भाऊ नसणार," वन्सं म्हणाल्या. मग कान देऊन ऐकायला लागल्या, डोकं तिरकं करून, ऑपरेटर ऐकते तसं. "अगं, हा मध्येच थांबतोय. ऐक. थांबला. थांबला... आता घेतला श्वास. मीही अशीच करायचे. याला घेऊन डॉक्टरकडे जायला हवं."

"बापरे. मग ह्यांनाही मशीन?"

"लागलं तर लागलं. एवढं काय तोंड पाडतेस? बॅटरीत किती उरलंय?"

मी आत जाऊन आकडा बघितला. स्वतःच्या डोळ्यांनी. "शहात्तर टक्के."

वन्संनी बोटांवर हिशोब केला. "दोघांचं भागतं," त्या म्हणाल्या. "हीटर नाही मिळणार मात्र त्याला."

तेवढ्यात तंबूत कूस बदलल्याचा आवाज झाला आणि घोरणं थांबलं. मी काहीतरी बोलायला तोंड उघडलं. वन्संनी हात वर केला.

"होल्ड करा."

मी होल्ड केलं. त्यांनी डोळे मिटले, आणि लाइन सोडायला बराच उशीर लावला.