टोपलीतलं अक्षर

चिऊ गुरुजी छापखान्यात येतील असं पेइयुनच्या स्वप्नातही नव्हतं. आले, तेही काकूंना, म्हणजे आपल्या बायकोला घेऊन, भर अकरा वाजता, पहिलं पोस्टर मशीनमधून नुकतंच बाहेर पडलेलं असताना.

तैवानमधल्या ताइनानच्या एका नाटकमंडळीचं, पेइयुनने मांडलेलं पोस्टर होतं. पांढऱ्या कागदावर 'पैलतीरी जाणं' या अर्थाचं एकच काळंभोर अक्षर, जवळजवळ माणसाच्या उंचीचं, आणि कोपऱ्यात गुरुजींचा लाल शिक्का. लहानपणापासून तिने त्यांच्याकडे कुंचल्याने अक्षरं गिरवली होती. शिक्का म्हणजे गुरुजींचा शब्द, हे तिला कोणी सांगायला नको होतं. तरी तिनेच तो बिनदिक्कत ढापला होता.

गुरुजींनी चष्मा कपाळावर चढवला. "हे मी दिलेलं अक्षर नाही."

"नाही, गुरुजी."

"मग कुठलं?"

"तुमच्या टोपलीतलं. चुरगाळलेलं होतं, फाडायचं राहिलं होतं."

"टाकलेल्या कागदावर मी शिक्का मारत नाही."

"चांगल्या कागदावरचा घेतला. कॉम्प्युटरवर इथे आणून लावला."

"वा! वीस वर्षं हेच शिकवलं वाटतं मी तुला!" गुरुजींचा आवाज चढला, उजवा हात मात्र खिशातच राहिला. "बंद करा ते मशीन. आणि तू, उद्यापासून माझी पायरी चढू नकोस."

छापणाऱ्याने मुकाट्याने मशीन बंद केलं. पेइयुनला रडू फुटायचंच बाकी होतं. त्या घराशिवाय तिला गुरू नव्हता आणि दुसरा नकोही होता. पण मुलगी हट्टी.

"नाही चढणार. पण आधी बघा तरी! तुम्ही दिलेलं अक्षर सुरेख होतं, मोठं केलं की मेल्यासारखं पडून राहायचं. सगळं कसं जिथल्या तिथे! आणि इथे बघा, शेवटी शेवटी शाई संपत आलीय, हात थरथरलाय, तरी मागे फिरला नाही."

बोलल्या त्या काकू.

"ते सुरेख आणि मेलेलं, ते माझं गं."

"म्हणजे?"

"हिवाळ्यापासून यांचा हात कापतो. चाळीस वर्षं शाई घोटता घोटता यांचं वळण माझ्या बोटांत उतरलंय. मी लिहिते, हे शिक्का मारतात."

गुरुजींनी हात खिशातून बाहेर काढला. तो थरथरत होता.

"हे अक्षर लिहायला बसलो त्या दिवशी दहा कागद फुकट घालवले," ते म्हणाले. "हा शेवटचा. फाडायला गेलो, तर बोटांना तेही जमेना."

धरणी पोटात घेईल तर बरं, असं पेइयुनला झालं. "काकू, मला खरंच माहीत नव्हतं..."

"राहू दे. खोटं कुठे बोललीस?"

गुरुजींनी त्या शेवटच्या फटकाऱ्यावरून बोट फिरवलं. मग छापणाऱ्याला म्हणाले, "चालू करा. शिक्का योग्य अक्षरावर लागलाय." आणि काकूंकडे वळले. "तुझ्या त्या कागदावरचा माझा शिक्का खोडून टाकू. तुझा मार."

"माझा?" काकूंनी छत्री या हातातून त्या हातात घेतली. "मला कधी शिक्का करून दिलात?"

मशीन सुरू झालं होतं, तरी प्रश्न सगळ्यांना ऐकू गेला.