मुलगा दाखवण्याचा कार्यक्रम

माझं लग्न चष्म्याशिवाय ठरलं. म्हणजे चष्मा होता, चांगला जाड भिंगांचा होता, पण बघण्याच्या कार्यक्रमाआधी आईने तो काढून कपाटात ठेवून दिला. "विचारलं तर सांगू," म्हणाली. कुणी विचारलं नाही. समोरच्या खुर्चीत निळसर काहीतरी बसलं होतं आणि त्याने दोनदा पोहे घेतले, एवढ्या माहितीवर मी होकार दिला. ते निळसर म्हणजे दिगंबर.

दिगंबरच्या बायोडेटात उंची पाच फूट आठ इंच लिहिली होती. लग्नानंतर मी चष्मा लावला, तेव्हा ती पाच फूट पाच निघाली. आता कोण कुणाला बोलणार? फिट्टंफाट झाली आणि आम्ही संसाराला लागलो.

हे आत्ता सांगायचं कारण असं, की २००६च्या फेब्रुवारीत इथे अमेरिकेत, आमच्या फ्रीमाँटच्या टाउनहाउसमध्ये पुन्हा एकदा बघण्याचा कार्यक्रम झाला. या वेळी दाखवायचा होता मुलगा. आमचा सिद्धेश, वय सतरा, शाळेच्या बेसबॉल टीमचा पिचर. पिचर म्हणजे त्यांचा बोलर, फक्त तो धावत येत नाही, एका जागी उभा राहून टप्पा न पाडता थेट फेकतो. बघायला येणार होते मिस्टर टॅलबट. एका मोठ्या क्लबसाठी शाळाशाळांतली असली पोरं हुडकत फिरायची, हीच त्यांची नोकरी. जूनमध्ये सगळे क्लब मुलं निवडतात, त्याआधी घरी येऊन पारखून घेतात. आपल्याकडे काय वेगळं करतात?

सिद्धेशला आठव्या वर्षापासून दुसरं काहीही नको होतं. त्याला कॅल्क्युलसमध्ये बी प्लस मिळाला तेव्हा आम्ही दोघांनी घरात सुतक पाळलं, आणि हा पठ्ठ्या शीळ घालत बूट पुसत होता. टॅलबट येणार हे कळल्यापासून मात्र त्याची शीळ बंद झाली होती. मला वाटलं, टेन्शन असेल.

दिगंबरचं काय सांगावं! सुरुवातीला तो या खेळाला खेळच म्हणायचा नाही. "हात वाकवून फेकतोय, हा तर सरळ नो-बॉल," असं पहिली तीन वर्षं बाकावर बसून शेजारच्या अमेरिकन बापांना ऐकवायचा. मग एक दिवस ऑफिसात त्याच्या मॅनेजरने विचारलं, "तुझा मुलगा ताशी सत्त्याऐंशी मैलांनी टाकतो म्हणे?" झालं! साहेबाला कौतुक वाटलं म्हटल्यावर दिगंबरला साक्षात्कार झाला. त्याने वेग मोजायचं यंत्र आणलं, एक्सेलमध्ये तक्ते केले आणि पोराचा प्रॉजेक्ट करून टाकला. पाऊस असो, परीक्षा असो, रोज गॅरेजसमोर पन्नास चेंडू.

त्यात सिद्धेश डावखुरा. डावखुरा पिचर म्हणजे सोनं, असं त्याच्या कोचने आम्हाला सांगितलं, तेव्हा माझा चेहरा बघण्यासारखा झाला असणार. कारण त्या सोन्याचं पितळ करायचा मी आणि सासूबाईंनी जिवापाड प्रयत्न केला होता. त्या सहा महिने राहायला आल्या, तेव्हा जेवताना नातवाच्या डाव्या हाताला मोजा बांधायच्या. त्या गेल्यावर मी ओरडण्याचं खातं सांभाळलं. "डाव्या हाताने जेवू नकोस" हे वाक्य आमच्या घरात "पाणी दे"पेक्षा जास्त वेळा बोललं गेलं असेल. पोरगं बधलं नाही. चमचा डाव्या हातात म्हणजे डाव्याच हातात.

कार्यक्रमाच्या सकाळी शेजारच्या लताचा फोन आला. ती नागपूरची, तिला सगळ्यातलं कळतं. "पोहेच कर. मिरची कमी घाल. आणि साडी नेस."

"मी कशाला साडी नेसू? मला बघायला येतायत का?"

"अगं, नेस तर!"

पोह्यांत घालायला फ्रीजरमधून मटारचं पाकीट काढलं तर दगड. सगळे दाणे वितळून पुन्हा गोठलेले, एकमेकांना चिकटून त्यांची वीट झालेली. महिन्याभरात तिसऱ्यांदा हे झालं होतं. मी दिगंबरवर घसरले, की फ्रीजर बिघडलाय आणि तुला मैल मोजण्यातून सवड नाही. त्याने लगेच आत थर्मामीटर ठेवला. फ्रीजर ठणठणीत होता. "वीअर्ड," एवढं बोलून सिद्धेश आपल्या खोलीत गेला. मी ती वीट ओट्यावर आपटून फोडली आणि पोह्यांत घातली.

टॅलबट आले. साठीचे, उन्हाने रापलेले, हातात फाइल. शांत माणूस. आधी त्यांनी सिद्धेशला उभं केलं, पाठमोरं केलं, तळहात बघितले, बुटाचा नंबर विचारला. दारापासून खिडकीपर्यंत चालायला लावलं. मला क्षणभर वाटलं, आता गाणं म्हणायला सांगतात की काय. मलाही असंच चालवलं होतं, पाय लंगडतो का ते बघायला, आणि चष्मा नसल्यामुळे मी स्टुलाला धडकले होते. सगळे म्हणाले, मुलगी लाजाळू आहे.

मग ते आमच्याकडे वळले. मुलगा अजून किती वाढेल याचा अंदाज आईबापांवरून बांधतात म्हणे. म्हणजे लता बरोबर होती, मलाही बघायलाच आले होते. माझे भाऊ किती उंच, वडील किती उंच, सगळं विचारून झालं. मग दिगंबरला विचारलं.

"फाइव्ह एट," दिगंबर म्हणाला. सवयच ती.

टॅलबटनी त्याच्या डोक्यावरून पलीकडच्या भिंतीवरचं कॅलेंडर वाचल्यासारखं केलं आणि फाइलमध्ये काहीतरी लिहिलं. मी पदर तोंडाला लावला. साडीचा काहीतरी उपयोग झाला.

मग मार्क. वेगाला किती, वळणाऱ्या चेंडूला किती, असं एकेक. "फास्टबॉलला आत्ता पंचेचाळीस देतो," टॅलबट म्हणाले.

"कितीपैकी?" दिगंबर.

"ऐंशी सगळ्यात वर."

दिगंबरचा चेहरा पडला. मनातल्या मनात भागाकार झालेला मला दिसला. "म्हणजे छप्पन टक्के? फर्स्ट क्लाससुद्धा नाही?"

टॅलबटनी समजावलं, की पन्नास म्हणजे टीव्हीवर दिसतात त्या खेळाडूंची सरासरी, शाळकरी मुलाला पंचेचाळीस म्हणजे उत्तम. पण इंजिनिअर माणसाच्या डोक्यात ते शिरेना. "सर, थोडे वाढवता येतील का? ही इज अ व्हेरी हार्ड वर्कर," असं तो म्हणाला, आणि सिद्धेशने जमिनीत गडप व्हायची तयारी केली.

मी पोहे आणले. टॅलबटनी आवडीने खाल्ले, वर मटार फार मऊ आहेत अशी तारीफही केली. सिद्धेशने बशी मांडीवर घेतली, चमचा उचलला आणि खायला लागला. उजव्या हाताने.

खोटं कशाला सांगू, आधी मला अभिमान वाटला! म्हटलं, बघा, इतकी वर्षं ओरडले, आज पाहुण्यांसमोर पोराने लाज राखली. सासूबाई असत्या तर दृष्ट काढली असती. चमचा धड तोंडात जात नव्हता, पोहे शर्टावर सांडत होते, तरी मी आपली कौतुकाने बघत बसले. आणि मग मला त्याचा डावा हात दिसला. तो त्याने पोटाशी धरला होता, आजारी मांजर कुशीत घ्यावं तसा.

तेवढ्यात टॅलबटनी फाइलचं पान उलटलं. "दुखणंखुपणं? खांदा, कोपर? कधी काही त्रास?"

"नेव्हर!" दिगंबर म्हणाला. "साधी क्रोसिन घेत नाही तो."

"नो, सर," सिद्धेश म्हणाला. कुणाकडेही न बघता.

मटारची ती वीट माझ्या डोळ्यांसमोर आली. फ्रीजर ठणठणीत होता. पाकीट रोज दुपारी आम्ही ऑफिसात असताना पोराच्या कोपरावर वितळत होतं आणि संध्याकाळी परत गोठत होतं. आणि तरीही सांगते, पहिला विचार काय आला? हाच, की गप्प बस मालिनी, जूनपर्यंतचा प्रश्न आहे, एकदा ठरलं की मग बघू. अगदी माझ्या आईचा आवाज. मुलाला वारशाने उंची किती मिळेल ते टॅलबट बघत होते. आमच्या घराण्याचा खरा वारसा तर तो त्यांच्यासमोर बसून उजव्या हाताने खात होता.

"तो डाव्या हाताने जेवतो," मी म्हणाले. इंग्रजीतच म्हणाले, पण आवाज असा लागला की दिगंबर दचकला. "मी इतकी वर्षं ओरडले तरी कधी उजव्याने जेवला नाही. आज जेवतोय."

"मॉम, स्टॉप."

"दुखतोय ना? सिद्धू, दुखतोय ना हात?"

"मॉम, प्लीज!" त्याचे डोळे भरले होते. तो मला विनवत होता, आणि तिथेच मला हवं ते उत्तर मिळालं.

टॅलबटनी बशी बाजूला ठेवली. त्याचा हात स्वतःच्या गुडघ्यावर घेतला आणि कोपराच्या आतल्या बाजूला अंगठ्याने हलकेच दाबलं. सिद्धेश ओरडला नाही, पण मान अशी झटक्यात वळवली की आम्हा सगळ्यांना कळलं. टॅलबटनी फाइल मिटली. "डॉक्टरकडे न्या. तोपर्यंत याने साधं संत्रंसुद्धा फेकायचं नाही," म्हणाले. दारात त्यांनी माझा हात हातात घेतला आणि म्हणाले, "आय विल लेट यू नो."

म्हणजे कळवतो. कळवतो म्हणून गेलेली माणसं मी लग्नाआधी भरपूर बघितली होती. त्यांतल्या एकाचंही कधी पोस्टकार्ड आलं नाही.

दार लागल्याबरोबर दिगंबरचा भडका उडाला. "तुला कुणी विचारलं होतं? पोराचं करिअर पोह्यांवर संपवलंस!"

"त्यांनी विचारलं होतं. तू 'नेव्हर' म्हणालास. फाइव्ह एट म्हणालास तसंच."

सिद्धेशने खोलीचं दार आपटलं. आतून एकच वाक्य आलं. "यू रूइन्ड माय लाइफ." ते मात्र मला लागलं. भांडी घासताना मी रडले, खूप रडले, आणि दिगंबर शेजारी उभा राहून भांडी पुसत राहिला.

तपासणीत निघालं, कोपरातलं लिगामेंट अर्धवट फाटलेलं. डॉक्टर म्हणाले, आणखी काही आठवडे फेकत राहिला असता तर पूर्ण तुटलं असतं, आता विश्रांतीने भरून यायची आशा आहे. दिगंबरने गॅरेजमधलं यंत्र खोक्यात भरलं. पुढे मंडळाच्या गुढीपाडव्याला तो चार लोकांत "वुई बिलीव्ह इन ट्रान्स्परन्सी" असं सांगताना मी स्वतःच्या कानांनी ऐकलं. मी श्रीखंडाची वाटी घेऊन लांब जाऊन बसले.

सिद्धेश माझ्याशी बोलत नव्हता. सगळा सीझन बाकावर बसून काढला त्याने. जेवायला यायचा, उजव्या हाताने चार घास सांडत खायचा आणि उठायचा. ज्या उजव्या हातासाठी मी जन्मभर ओरडले, तो दिसू नये म्हणून मी ओट्याकडे तोंड करून पोळ्या लाटत राहायचे.

मे महिन्यात, आम्ही जेवायला बसलेलो असताना फोन वाजला. मी घेतला. टॅलबट होते.

त्यांनी आधीच सांगून टाकलं. या वर्षी यादीत सिद्धेशचं नाव नाही. हात बरा झालेला दिसल्याशिवाय क्लब तयार होणार नाही. आडपडदा नाही, पत्रिका जुळत नाही वगैरे काही नाही, सरळ नाही. माझ्या डोळ्यांत पाणी आलं आणि मूर्खासारखी मी त्यांना "थँक यू" म्हणाले. कळवतो म्हणून गेलेल्या माणसाने कळवलं होतं.

टेबलावर दोघांचे चमचे थांबले होते. मी मानेनेच नाही म्हटलं. सिद्धेशने ताटाकडे बघितलं.

"आणखी एक विचारायचं होतं, मॅडम," टॅलबट फोनवर म्हणाले. "तो आता कुठल्या हाताने जेवतो?"

मी स्पीकर लावला आणि म्हटलं, पुन्हा विचारा. त्यांनी विचारलं. दिगंबरने तोंड उघडलं, मी त्याच्याकडे नुसतं बघितलं, त्याने मिटलं.

सिद्धेशने चमचा डाव्या हातात घेतला. वरणभाताचा घास उचलला, हळूहळू तोंडापर्यंत नेला. कपाळावर आठी आली. घास गिळून त्याने माझ्याकडे बघितलं, तीन महिन्यांत पहिल्यांदा.

"आई, टेल हिम इट स्टिल हर्ट्स," तो म्हणाला.