बेगमचा वाईट फोटो

नागावला नारळाच्या वाडीत मोटारींचा लिलाव भरला होता, एवढं तरी सगळ्यांना मान्य आहे. पुढचं किती धरायचं ते ज्याने त्याने ठरवावं. मी जन्मभर फोटो काढले. पुढ्यात आलं तेवढंच दाखवतो, फार तर थोडा उजेड वाढवतो.

लिलाव मुंबईच्या एका कंपनीचा. जुन्या राजेरजवाड्यांच्या गाड्या, परदेशी गाड्या, सगळ्या माडांच्या सावलीत ओळीने उभ्या. एक पिवळी इटालियन गाडी तर इतकी बुटकी, की आमच्या आळीतली मांजरं तिच्या टपावरून पलीकडे जाताना उडीसुद्धा मारत नव्हती, नुसती चालत जायची. ती गाडी रस्त्यावरच्या गतिरोधकावर अडली, तेव्हा सहा गड्यांनी पालखीसारखी उचलून वाडीत आणली.

गाड्या येण्याआधी वाडीतले झाडून सगळे नारळ उतरवले होते. उगाच एखादा सुटायचा आणि एखाद्या महाराजांच्या गाडीच्या टपावर बसायचा. एक माड तेवढा राहिला. तो इतका उंच, की चढणारा गडी अर्ध्यावरून खाली आला आणि म्हणाला, वर थंडी हाय, स्वेटर घेऊन येतो. तो अजून स्वेटर आणायलाच गेलाय. त्या माडावर एकच नारळ उरला होता आणि विम्याचा एक साहेब खाली खुर्ची टाकून दिवसभर त्याच्याकडे बघत बसायचा.

कंपनीने मुंबईहून फोटोग्राफरही आणला होता. पहिल्याच संध्याकाळी तो हौसेने किनाऱ्यावरच्या बनाना राइडवर बसला, बनाना उलटला आणि याचा उजवा हात खांद्यातून निखळला. आता लिलावाआधी वाटायच्या छापील पुस्तकात प्रत्येक गाडीचा फोटो तर हवा. लिलावाचा सगळा कारभार रुचिका मॅडमकडे होता. तिशीची चटपटीत मुलगी, बोलायला लागली की फोन दमायचा. तिने गावात विचारलं, इथे फोटो कोण काढतं? गावाने माझं नाव सांगितलं. दादू फोटोवाला.

आता माझी खासियत म्हणजे स्थळाचे फोटो. मुलगी दाखवायच्या आधी तिचा फोटो जायचा, मुलाचाही जायचा, आणि नागावपासून श्रीवर्धनपर्यंत निम्मी लग्नं माझ्या फोटोवर जमली. नजर जरा तिरपी असली की मान वळवायची. ठेंगणा असला की पाटावर उभा करायचा आणि पाय कापायचे, म्हणजे फोटोत. एका टकल्या नवरदेवाच्या डोक्यावर मी असा उजेड सोडला, की मुलीकडच्यांना वाटलं मागे सूर्य उगवतोय. हापूसच्या पेटीचा एक फोटो काढला होता, त्याला अजून दर वैशाखात मुंग्या लागतात.

तेव्हा गाड्यांचेही फोटो मी तसेच काढले. पोचा आलेली बाजू कुंपणाकडे. गंजलेल्या दारापुढे शेवंतीची कुंडी. एका गाडीचा पुढचा दिवा फुटका होता, तिला मी तीन-चतुर्थांश वळवून लाजरी उभी केली. रुचिका मॅडमने फोटो बघितले, एकदा माझ्याकडे बघितलं आणि शांतपणे म्हणाली, “काका, यांना खपवायचं नाहीये. घेणाऱ्याला डाग दिसले पाहिजेत. उद्या तो म्हणेल, फसवलं.”

माझ्या धंद्यात हे पहिल्यांदाच ऐकलं. स्थळाच्या फोटोत डाग दाखवा. पण पैसे तिचे होते, मी कुंड्या उचलल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी आगरदांड्याहून हमदुल्लाभाई आले. त्यांची गाडी म्हणजे बेगम. पिस्त्याच्या रंगाची मॉरिस, छप्पन सालची. त्यांच्या वडिलांनी आणलेली, आणि सगळ्या मुरूड तालुक्यातल्या नवऱ्या तिच्यातून सासरी गेल्या, मग त्या निकाहाच्या असोत की सप्तपदीच्या. रबरी फुग्याचा भोंगा दाबला की आगरदांड्यात वाजायचा आणि खाडीपलीकडे दिघीत लोक पंगतीची पानं मांडायला घ्यायचे.

भाईंची नजर आता अधू झाली होती, परवाना संपला होता. मुलगा हुझैफा दोह्याला. त्याने ठरवलं होतं की गाडीची खोली पाडायची आणि तिथे पर्यटकांसाठी खोल्या बांधायच्या. लिलावात कुणी गाडी घेतली तर ठीक, नाहीतर परत आल्या आल्या भंगारवाला. त्याला बोलावूनही ठेवलं होतं.

पण भंगारापेक्षा भाईंना भीती दुसरीच होती. विनेश शेठची. शेठचा अलिबागकडे बंगला आहे आणि बंगल्यात काचेचा हॉल. त्यात त्यांच्या गाड्या उभ्या असतात, गारेगार हवेत, इंजिनातलं तेल काढून घेतलेल्या. एकही बाहेर निघत नाही. भाई तो हॉल एकदा बघून आले होते. परत आले ते दोन दिवस जेवले नाहीत.

“शेठनं पुस्तक मागवलंय,” भाई मला म्हणाले. “बेगमचा फोटो आवडला तर तो घेणारच, त्याच्यापुढं कोण टिकणार? दादूभाय, ती चालली पायजे. काचेत उभी न्हाय ऱ्हायला पायजे.”

बरोबर त्यांच्या बीबी होत्या, गुलबानूभाभी. त्या आतापर्यंत बेगमच्या मागच्या सीटवर बसून पान लावत होत्या. तिथूनच त्यांनी सांगितलं की यात एवढं रडायचं काय, दादूभाय वाईट फोटो काढतील.

भाई समजले नाहीत. मी समजलो, आणि आधी कुणी ऐकलं नाही ना ते बघून घेतलं. कारण स्थळाच्या फोटोंच्या धंद्याला एक मागचं दार होतं. ज्या मुलीला एखादं स्थळ नको असायचं, ती हळूच सांगायची, आणि मी तिचा दुसरा फोटो काढायचा. त्यात तिला बारा वर्षं खोकल्याने आजारी असल्यासारखी करून टाकायची. चांगला फोटो हव्या त्या घरी, वाईट फोटो नको त्या घरी. पन्नासेक वर्षांपूर्वी गुलबानूभाभी मावशीबरोबर स्टुडिओत आल्या, तेव्हा त्यांनीही दोन फोटो काढून घेतले होते. एक आगरदांड्यासाठी, एक मोंबासाच्या स्थळासाठी. वाईट काढताना त्यांना हसू आवरेना. तोंड वाकडं, ओढणी भलतीकडे, आणि डोळे मिटलेले. इतका वाईट फोटो मी पुन्हा काढू शकलेलो नाही.

“लिलावात सगळ्यांना एकच फोटो जातो, भाभी,” मी म्हटलं. “शेठ पळाला तर बाकीचेपण पळतील.”

“पळूदेत,” भाभी म्हणाल्या. “वाईट बघून जो येल, तोच खरा.”

रुचिका मॅडमने डाग दाखवा म्हटलेलंच होतं, त्यामुळे खोटं काहीच करायचं नव्हतं. बेगमची उजवी बाजू बरी होती, ती कुंपणाकडे केली. डावीकडे दार काथ्याने बांधलेलं, एक दिवा दुसऱ्याच कुठल्या गाडीचा, आणि पुढचा बंपर एका टोकाने असा लोंबलेला की जणू गालात पान धरून कुणी तिरकं हसतंय. मी भर दुपारी बाराला फोटो घेतला, ज्या वेळी जगातली सर्वात सुंदर बाईसुद्धा दमलेली दिसते. बटण दाबतोय तोच भाईंनी भोंगा तपासायला म्हणून दाबला, त्यातून आधी कोळ्याचं जाळं निघालं, मग एक गांधीलमाशी, आणि शेवटी म्हशीला उचकी लागावी तसा आवाज. मागच्या सीटवर भाभी तोंडाला पदर लावून हसत सुटल्या. फोटोत त्याही आल्या. मी तोच दिला.

लिलावाच्या दिवशी बेगमला उभं करायला जागा उरली एकच, त्या उरलेल्या नारळाच्या माडाजवळ. दुसऱ्या कुठल्या गाडीचा मालक तिथे तयार होईना. विम्याच्या साहेबाने खुर्ची जरा पुढे घेतली.

विनेश शेठ पांढऱ्या बुटांत आले. पुस्तक चाळत बेगमपाशी थांबले, फोटो बघितला, गाडी बघितली, काथ्या बघितला. “आवी गाडी आपल्या हॉलमंदी शोभे नाय,” असं रुचिका मॅडमला म्हणून पिवळ्या गाडीकडे वळले. भाईंनी माझा हात इतका दाबला, की घड्याळ पाच मिनिटं मागे पडलं.

मग बोली सुरू झाली. हातोडा रुचिका मॅडमकडेच होता. एकेका गाडीला पंधरा-पंधरा हात वर जात होते. एका बोलीच्या मध्येच फाटकावरच्या शिपायाने लाउडस्पीकरवरून सांगितलं, की कुणाची तरी टमटम रस्त्यात आडवी लागलीय आणि मागे रेवदंड्यापर्यंत गाड्या खोळंबल्यात, तेव्हा मालकाने येऊन काढावी. मागच्या रांगेतून एक बाई उठून धावत गेली. तिच्याकडे कुणी लक्ष दिलं नाही.

बेगमचा नंबर आला. रुचिका मॅडमने साल सांगितलं, रंग सांगितला, किमान बोली सांगितली. नंबराची एकही पाटी वर नाही. कुणी चहाचा कप बघतंय, कुणी फोन. एक हात वर गेला, पण त्याने डास मारला.

मॅडम “एक वार” म्हणाली.

तेव्हा मी हमदुल्लाभाईंकडे बघितलं. शेठ टळावा म्हणून तळमळणारा माणूस आता चारही बाजूंना मान फिरवत होता, कुणीतरी विचारावं म्हणून. मुलगी नटवून बसवावी आणि पाहुण्यांनी पोहे खाऊन गप उठावं, तसा चेहरा झाला होता. दात विचकून हसणारी बेगम त्या माडाखाली एकटी उभी होती, आणि मला माझ्या कलेची पहिल्यांदा लाज वाटली. तशी फार वेळ वाटली नाही.

भाभी मात्र निवांत होत्या. त्या नवऱ्याकडे झुकल्या आणि म्हणाल्या, “हुझैफाचे अब्बा, एक सांगू? तुमच्याकडं वाईटच फोटो धाडला होता मी. पाकिटं मीच बदलली. म्हटलं, बघू तरी कोण येतो.”

मी खुर्चीवरून पडायचा राहिलो. पन्नास वर्षं मी समजत होतो की चांगला फोटो आगरदांड्याला गेला.

भाई मग हळूच म्हणाले, “तो वाईट होता? मला तर लई आवडला होता.”

“दोन वार,” मॅडम म्हणाली आणि हातोडा उचलला.

तो खाली यायच्या आत नारळ आला. थेट उंचावरून, स्वेटरची वाट बघून कंटाळल्यासारखा. विम्याचा साहेब त्या दिवसांत पहिल्यांदाच चहा घ्यायला वळला होता. नारळ बेगमच्या टपावर पडला नाही, भोंग्याच्या रबरी फुग्यावर पडला, आणि बेगमने अशी हाक मारली की पिवळ्या गाडीचे सगळे दिवे आपोआप लागले आणि दिघीत दोघा-तिघांनी पानं मांडली. रुचिका मॅडमचा हातोडा हातातून उडून केळीत गेला. तो शोधायला चार माणसं वाकली.

तेवढ्या वेळात ती टमटमवाली बाई धापा टाकत परत आली, पाटी उंच धरली आणि म्हणाली, “माजी बोली हाय. गेली काय ती? न्हाय ना?”

नियमाने हातोडा पडल्याशिवाय लिलाव संपत नाही, आणि हातोडा अजून केळीत होता. मॅडमने बोली धरली. दुसरं कुणी पुढे आलं नाही, मग हातोडा सापडल्यावर रीतसर टेबलावर आपटला.

तिचं नाव सोनल. हरिहरेश्वरची. तिच्या टमटमा आहेत, यात्रेकरूंना देवळापर्यंत आणि किनाऱ्यावर फिरवते. तिला एक गाडी हवी होती जिच्यात म्हाताऱ्याकोताऱ्यांना, नव्या जोडप्यांना मिरवत नेता येईल. भाईंनी तिला पहिलं विचारलं, उभी तर नाही ना ठेवणार? ती म्हणाली, उभी ठेवून खायला काय घालू तिला, रोज चालवणार. मी विचारलं, अहो पण एवढ्या देखण्या गाड्या सोडून ही का? तिने पुस्तक उघडलं.

“ह्यो बगा ना,” ती म्हणाली. “बाकी एका पन गाडीत मानूस बसलेला न्हाय. हितं आज्जी हसतायत.”

पुढचं लग्नघरासारखंच झालं. बेगम हरिहरेश्वरला जायची तर आगरदांड्यावरूनच, फेरीबोटीने दिघीला. धक्क्यावर सोनलने चाक हातात घेतलं आणि गिअर काही पडेना. भाई खिडकीतून सांगायला लागले: आधी थोडं मागे, मग शिवी दे, मग पुढे. दोन-तीनदा झाल्यावर सोनल म्हणाली, बाबा, तुम्हीच चला ना चार दिवस, तिला माझी आणि मला तिची सवय होईपर्यंत. आमच्यात नवरीबरोबर पाठराखीण जाते, ती ऐंशी वर्षांची आणि दाढीवाली असल्याचं ऐकलं नव्हतं. पण भाई दार काथ्यातून सोडवून आधीच आत बसले होते. भाभी मागे होत्याच, पानाच्या डब्यासकट.

फेरीबोट सुटली. बेगमने हाक दिली. मी धक्क्यावर उभा राहून ओरडलो, हसा, आणि कॅमेऱ्याचं बटण दाबलं. भाभींनी तोंडाला पदर लावला, भाई ताठ बसले, सोनलने चाकावरचे दोन्ही हात सोडून दाखवले. असा फोटो आयुष्यात एकदाच येतो.

कॅमेऱ्याची बॅटरी सकाळीच संपली होती. पण ते त्यांना कशाला सांगायचं? भाई चार दिवसांचे म्हणून गेले ते पावसाळा लागला तरी परत आले नाहीत, आणि दर आठवड्याला फोन करून तो फोटो मागतात. मी सांगतो, धुवायला टाकलाय.