ओल कोणाची

सुनेने पडद्याचे कापड नाकाजवळ नेले आणि झटकन दूर धरले. कालच तिने ते शिलाई मशीनशेजारच्या टोपलीत घडी करून ठेवले होते. आता त्याचा कोपरा ओला होता, आणि तो वास ओळखायला कोणी जाणकार लागत नव्हता.

तिने खिडकीजवळच्या खुर्चीकडे पाहिले. तिचे सासरे, अण्णा, वर्तमानपत्र वाचत होते. निदान ते तोंडासमोर धरून बसले होते.

आधी न्हाणीघराचा कोपरा, मग दिवाणावरची चादर, आणि आता गिऱ्हाइकाचे कापड. बोक्यावर तिचा संशय गेला नाही. मिशीसारख्या काळ्या ठिपक्यामुळे फौजदार म्हणवला जाणारा तो बोका पिल्लू असल्यापासून आपल्या रेतीच्या घमेल्यातच जायचा. नवऱ्याजवळ तिने हळूच विषय काढला, तर वयोमानाने होतं असं, एवढेच तो म्हणाला.

मग ती अण्णांवर लक्ष ठेवू लागली. ती खोलीत आली की ते पाय सरकवून फरशीवरचे काहीतरी झाकत. एकदा तर तिला पाहून त्यांनी उशी घाईघाईने उलटी केली. शेवटी तिने विचारलेच.

"माझ्याकडूनच झालं असेल, सूनबाई," ते म्हणाले. "वय झालं आता."

हे उत्तर तिला खटकले. काठी हातात घ्यायला नको म्हणणारा हा माणूस इतक्या सहज कबूल कसा झाला?

त्याच आठवड्यात एका दुपारी घमेल्याकडून घशातून ओढून काढल्यासारखा आवाज आला. फौजदार पाठीची कमान करून बसला होता. जोर करत होता, पण होत काही नव्हते. बाहेर येऊन तो फरशीवर पुन्हा तसाच बसला आणि मागे गुलाबीसर थेंब राहिला. पोट साफ होत नसेल, असे तिला आधी वाटले. उचलायला गेली तर त्याने तिला दात लावले. ती वळली, तेव्हा अण्णा पायात चपला घालून, हातात बोक्याला न्यायची टोपली घेऊन उभे होते. जणू ते या दिवसाची वाटच पाहत होते.

जनावरांच्या डॉक्टरीणबाईंनी पोट चाचपले. मूत्राशय चेंडूसारखे टणक झाले होते. कधीपासून असे होते आहे, त्यांनी विचारले.

"आजच," सून म्हणाली.

"महिना झाला," अण्णा म्हणाले. "थोडं थोडं करतो, जागा बदलून. सारखा चाटत बसतो."

सुनेने त्यांच्याकडे पाहिले. ते टेबलाच्या कडेकडे पाहत होते.

डॉक्टरीणबाईंनी समजावले की बोक्याची मूत्रनलिका अरुंद असते. खडे किंवा चिकट गाळ अडकून लघवी तुंबली, तर अंगात विष भिनून एक-दोन दिवसांत जिवावर बेतते. आता भूल देऊन नळी घालावी लागणार होती आणि त्याला तिथेच ठेवावे लागणार होते. पुढे कोरडे खाणे कमी करायचे, पाणी जास्त पोटात जाईल असे बघायचे, घमेले स्वच्छ ठेवायचे. आणि तो घमेल्याबाहेर गेला तर रागवायचे नाही, दुखते म्हणूनच तो जागा बदलतो.

बाहेरच्या बाकावर दोघे बसली.

"तुम्हाला माहीत होतं?"

"त्यानं तुझं कापड ओरबाडलं होतं, तेव्हा तू म्हणाली होतीस, पुन्हा असं झालं तर देऊन टाकीन कोणालातरी." अण्णांनी चष्मा काढून पुसला. "मला काही कोणी देऊन टाकलं नसतं." मग ते हळू आवाजात म्हणाले, "पण उशीर केला मी."

तिच्या तोंडावर आलेला राग तिथेच विरला. संध्याकाळपर्यंत नळी बसली. जीव वाचला असे कळले. घरी येऊन तिने सगळे धुवून काढले आणि खोल्याखोल्यांत पाण्याची भांडी मांडून ठेवली.

सकाळी ती केर काढत खिडकीपाशी आली. अण्णांनी पाय वर घेतले, पण खुर्चीतून उठले नाहीत. चहा पलीकडच्या टेबलावर निवत होता. ती वाकली आणि तिला तो वास आला. ताजा. फौजदार कालपासून दवाखान्यात होता.

तिने झाडू भिंतीला टेकवला.

"जाता जाता फौजदारानं खुर्चीची गादीही खराब केलेली दिसते," ती म्हणाली. "तुमच्या पायजम्यालाही लागलं असेल. बदलून घ्या, सगळं एकदमच भिजवते."

अण्णांनी तिच्याकडे पाहिले.

"लबाड आहे तो," ते म्हणाले आणि खुर्चीच्या हातांवर भार देऊन उठले.

ते आत जाईपर्यंत ती खिडकीबाहेर पाहत उभी राहिली.