पाणी पळून जातं म्हणे

आमचे आबा, म्हणजे माझे मालक पितांबर, सावद्यात पारावर बसले की आपल्या विहिरीची गोष्ट सांगतात. शेवटचा दगड आपणच पहारीनं कसा फोडला, झरा कसा उसळला. चाळीस वर्षं ऐकतेय मी. दर वर्षी झरा थोडा मोठा होतो.

आमची नात डिंपल नागपूरला शिकून मायनिंग इंजिनिअर झाली. चंद्रपूरकडे कोळशाच्या खाणीत नोकरी लागली, सोमवारी हजर व्हायचं. पोरीनं लोखंडी टोकाचे बूटही आणले. आबांनी बूट पाहिले आणि चहाची बशी खाली ठेवली.

"खाणीत नाही जायचं. बाई खाली उतरली का पानी पळून जाते. विहीर खोदतानी बाईले काठावर उभं नाही करत आपल्यात."

"आबा, खाणीत पाणी पळालेलंच बरं," डिंपल म्हणाली. "ते उपसायला तर आम्ही पंप लावतो."

मला हसू आलं, आबांना नाही. घरात त्यांचाच शब्द शेवटचा. मुलगा ललित बापापुढे तोंड उघडेल तर शपथ. पोरीचे डोळे भरून आले. चार वर्षं राबलेली पोर ती. माझं डोकंच फिरलं.

"काहो," मी म्हटलं, "आपली विहीर कधी आटली?"

"कधीच नाही. बठ्ठ्या गावाच्या आटल्या, आपली नाही."

"मग झरा लागला त्या दिवशी खाली कोण उतरलं होतं?"

आबांनी खाली ठेवलेली बशी पुन्हा उचलली.

त्या दिवशी गडी अक्षय तृतीयेला घरी गेले होते. यांच्या पायाला टाके, पण धीर कुठला निघतोय. शेवटी मीच पदर खोचला, दोर निंबाला बांधला आणि उतरले. दहा घाव घातले असतील, तोच पायाशी गार पाणी. भीती वाटली होती, पण त्या पाण्याचा आनंद अजून विसरले नाही. वर आले तर हे म्हणतात, कोणाले सांगू नको, पानी पळून जाईन. मीही नाही सांगितलं.

आबांनी एक बूट उचलला, हातात तोलून पाहिला. "जड आहे," एवढंच म्हणाले आणि केळीच्या बागेकडे निघून गेले.

सोमवारी मात्र डिंपलची बॅग त्यांनीच उचलली. एसटी स्टँडवर पारावरचा तोताराम भेटला.

"पितांबरभाऊ, पोरगी कुठी चालली?"

"खाणीत," आबा म्हणाले. "आजीवर गेली. आमच्या विहिरीचं पानी बी तिच्या आजीनंच काढेल आहे."