कालचा माल

सकाळी नवऱ्याबरोबर ती तलावावर पोचली आणि जागच्या जागी थिजली. काठापासून पार मध्यापर्यंत मासे पांढरी पोटं वर करून तरंगत होते.

"कुणीतरी विष कालवलंय," नवरा पुटपुटला.

काल संध्याकाळीच तिने याच पाण्यातले बारा किलो मासे मुलींच्या वसतिगृहात पोचवले होते. आज दुपारी साठ पोरी ते खाणार होत्या.

"मी सांगून येते."

नवऱ्याने तिचा दंड धरला. "वेड लागलंय का? एकदा बभ्रा झाला की इथला मासा कुणी फुकट नेणार नाही. बर्फवाला, टेम्पोवाला, जाळी विणणारी तुझी आई, सगळे घरी बसतील."

खोटं काहीच नव्हतं त्यात. तरी ती हात हिसडून पळत सुटली.

वसतिगृहाच्या स्वयंपाकघरात कढई तापली होती. परातीत मीठ लावलेले तुकडे होते.

"मावशी, तेलात सोडू नका!"

"अगं, श्वास तर घे."

"तलावातले मासे मेलेत. सगळे."

स्वयंपाकीण मावशीने गॅस बंद केला. मग बारीक आवाजात म्हणाली, "मी एक तुकडा तळून खाल्लाय गं. मीठ बघायला."

ती मावशीला घेऊन दवाखान्यात गेली. डॉक्टरांनी दिवसभर बसवून ठेवलं. बाकावर तिने मावशीचा हात सोडला नाही. मावशीने नुसता घसा खाकरला तरी ती डॉक्टरांना हाक मारायची.

मावशीला काही झालं नाही. चार दिवसांनी मत्स्य खात्याचा माणूस अहवाल घेऊन आला. विष नव्हतंच. उकाड्याने पाण्यातला प्राणवायू संपला होता. तिने वसतिगृहात पोचवलेला माल चांगला होता.

पण तोवर बभ्रा झाला होता, आणि अहवाल वाचून कुणी मासे घेत नाही. महिनाभर बाजार ओस पडला, बर्फाचा कारखाना बंद राहिला, आईने जाळ्याची सुई ठेवून दिली. पाणवठ्यावर बायका तिला पाहून बोलणं तोडायच्या. नवऱ्याने मात्र "मी सांगत होतो" असं एकदाही म्हटलं नाही. त्याच्या त्या गप्प राहण्याचीच तिला जास्त धास्ती वाटे.

पुढे जाळ्यात पुन्हा चार मासे आले. तिने ते रांधले, त्याच्या ताटात वाढले आणि त्याचा घास गिळून होईपर्यंत श्वास रोखून बसली.

"बघतेस काय? तूही घे की," तो म्हणाला.

तिने त्याच्याच ताटातला एक तुकडा उचलला आणि तोंडात घातला.