कपारीत घुसलेली काठी

मी शेवंड बोलतेय, तुम्ही लॉब्स्टर म्हणता ती. जरा लांबूनच बोलते, कारण माणसाचा वास आला की माझी शेपटी आपोआप आखडते. तुमच्या ताटात मी लालबुंद होऊन येते. इथे पाण्यात माझा रंग जांभळट तपकिरी आहे.

पर्थच्या उत्तरेला, पांढऱ्या वाळूच्या एका गावासमोर समुद्रात खडक बुडालेला आहे. त्याच्या पोटातल्या कपारीत आम्ही चौदा जण राहत होतो. पाठी आत, मिशा बाहेर. एखादा दांडगा मासा तोंड घालायला आला की अठ्ठावीस काटेरी मिशा एकदम फिरायच्या आणि तो निमूटपणे परत जायचा. आपल्या जातीचं कुणी वाट चुकलं तर वासावरून घर शोधत यायचं, आम्ही सरकून जागा द्यायचो. कुणी कुणाला 'तू कोण?' असं विचारत नव्हतं.

पिंजरे लावणाऱ्या कोळ्यांची मला भीती होती, पण किळस नव्हती. पिंजऱ्यात आपणच आपल्या पायांनी जातो. किळस आली ती हौशी लोकांची. ख्रिसमसची सुट्टी लागली की त्यांच्या होड्या खडकावर माश्यांसारख्या घोंघावतात. ऊन लागू नये म्हणून अंगाला चोपडलेल्या मलमाचा वास आधी खाली उतरतो. मग काच धुरकट होऊ नये म्हणून हे काचेच्या मुखवट्यात थुंकतात, ती थुंकी आमच्याच पाण्यात विसळतात आणि तोच मुखवटा तोंडावर चढवून आमच्या दारात येतात.

त्या वर्षी लॉइड आला. पर्थला त्याचं फरशांचं दुकान. बरोबर बायकोचा भाऊ सांतो. लॉइडच्या हातात एक काठी होती, टोकाला तारेचा फास. पहिल्या दिवशी त्याने दोघांना नेलं, पण घर मोडलं ते त्याने नाही, काठीने. तो ती आत घालून चुलीतली राख ढवळावी तशी ढवळत होता. कुणाचे पाय तुटले, कुणाच्या मिशा. तुटलेल्या पायातून जो वास सुटतो त्याचा आमच्या भाषेत एकच अर्थ आहे: पळा. भर उन्हात सगळे सैरावैरा उघड्यावर धावले. दुसऱ्या दिवशी कपारीत आम्ही पाचच उरलो होतो आणि संध्याकाळी चरायला कुणीही बाहेर पडलं नाही.

मी पळाले नाही. माझ्या शेपटीखाली तीन लाख अंडी होती. ती घेऊन वेगाने पोहता येत नाही.

तिसऱ्या दिवशी फास माझ्या शेपटीत बसला.

"आली रे आली! सांतो, बघ, काय धिप्पाड आहे!" लॉइडने मला होडीत आपटलं.

सांतोने मला उलटं केलं. "अरे, हिला अंडी आहेत. सोडावी लागेल. कायदा आहे."

"कायदा काय इथे बुडी मारून बघायला येणार आहे? तो घासायचा ब्रश दे इकडे. अंडी खरवडली की झाली साधी शेवंड."

सांतोने ब्रश दिला आणि तोंड फिरवून किनाऱ्याकडे बघत बसला. ब्रश माझ्या पोटावरून फिरला. एकदा, दोनदा. नारिंगी लगदा लॉइडच्या मनगटापर्यंत ओघळला.

"लॉइड, काय चाललंय?"

होडीच्या छताच्या सावलीत सांतोची मावशी बसली होती, रोझारिया. तिने तीस वर्षं शेवंडीच्या कारखान्यात माल निवडला होता. भाचा आग्रहाने तिला समुद्रावर घेऊन आला होता.

"काही नाही मावशी, जरा साफसूफ."

"तुझी सासू म्हणायची, जावई मोठा स्वच्छतेचा भोक्ता आहे. मला वाटलं, चेष्टा करतेय." मावशी उठली. तिने आधी ब्रश काढून घेतला, मग मला. "बोटं पूस ती. बघवत नाही."

"एका शेवंडीसाठी एवढं?"

"एक? बोटांवरच हजारभर असतील मेल्या! आमच्या कारखान्यात असली खरवडलेली आली की हातात धरताच कळायची. मग दिवसभर मला जेवण जायचं नाही." ती सांतोकडे वळली. "आणि तू? तुझी मान दुखतेय का रे, तिकडे वळून बसलायस ते?"

मावशीने वाकून मला दोन्ही हातांनी पाण्यात सोडलं.

तिचे हात चांगले होते, पण तोवर होडी वाहत गेली होती. खाली खडक नव्हता, नुसती वाळू. दोन पाय आणि एक मिशी गेलेली, अर्धी अंडी उरलेली, अशी मी दुपारच्या उजेडात चालत घरी आले. घरात कुणी नव्हतं. माझे पाय तुटल्याच्या वासाने उरलेलेही गेले होते. बिअरचा एक डबा तेवढा पडला होता.

उरलेली अंडी पिकली, फुटली, पिलं पाण्यावर निघून गेली. मी आता एका अरुंद भोकात राहते, एकटी. पोट पाठीला लागेपर्यंत चरायला जात नाही. वरून डॉल्फिनची सावली गेली तरी दचकून आतल्या भिंतीवर आदळते.

पण सांगायचं आहे ते वेगळंच. परवा दारात आमच्या जुन्या कपारीतली एक जण आली. नुकतीच कात टाकलेली, अंग लोण्यासारखं मऊ. तिची मिशी माझी मिशी शोधत होती. पूर्वी मी सरकले असते. पण दोघी राहिलो तर दोघींच्या मिशा बाहेरून दिसतील, मिशा दिसल्या की काठी येईल, एवढंच मला सुचलं. मी करकर आवाज केला आणि तिला पायांनी ढकललं. ती पुन्हा आली. मी पुन्हा ढकललं. तिसऱ्यांदा ती आली नाही. एका मोठ्या तांबोशी माशाने दोन घासांत तिला संपवलं, माझ्या दारासमोर.

लॉइडच्या बोटांची मला जेवढी शिसारी आली होती, तेवढी आता माझ्या या पायांची येते.

तुम्हाला खायचंच असेल तर मला मारा आणि न्या. पण आत काठी घालून नुसते ढवळत बसू नका. तुम्ही दोन शेवंडी घेऊन घरी जाता, मीठ-लोणी लावून खाता, हात धुता. मागे आमच्यापैकी जे उरतात, ते माझ्यासारखे उरतात.